पुनर्विवाहित मातेसोबत परदेशी जाणारे सावत्र अपत्य : कौटुंबिक स्थलांतर अर्जातील कायदेशीर तरतुदी आणि धनजसारख्या ग्रामीण भागातील कुटुंबांपुढील प्रश्न

प्रस्तावना :

जागतिकीकरणाच्या प्रक्रियेनंतर परदेशगमन ही केवळ मुंबई-पुणे या महानगरांची बाब राहिलेली नाही. विदर्भातील तालुक्याच्या गावी व खेड्यांतही परदेशस्थ नातेवाईक असणारी कुटुंबे आढळतात. विवाहसंस्थेवरही या बदलाचा परिणाम झालेला आहे. समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यांत 'विधवा-विधुर व घटस्फोटित' असा स्वतंत्र विभाग असतो आणि त्यात परदेशात नोकरी करणाऱ्या वरांच्या नोंदीही असतात. अशा वराशी पहिल्या घरचे मूल असलेल्या स्त्रीचा पुनर्विवाह ठरतो, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो तो त्या मुलाचा. आई परदेशी जाईल. मूल तिच्यासोबत जाईल की आजीजवळ राहील?

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज हे असेच एक कृषिप्रधान गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांकरिता विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीमचा समावेश होता. कमी वयात वैधव्य आलेल्या व लहान मुले पदरी असलेल्या स्त्रियांचा प्रश्न या भागात म्हणूनच विशेष गंभीर आहे. पुनर्विवाहाने अशा स्त्रीचे जीवन सावरू शकते. परंतु कागदपत्रांतील एखाद्या उणिवेमुळे तिचे मूल मागे राहिले, तर त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या कायदेशीर बाजूचे विवेचन केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. भारतीय कायद्यातील सावत्र नात्याचे स्थान स्पष्ट करणे.
२. प्रमुख देशांच्या कौटुंबिक स्थलांतर नियमांतील सावत्र अपत्याविषयीच्या तरतुदींचा तुलनात्मक परिचय करून देणे.
३. ग्रामीण कुटुंबांच्या कागदपत्रांत उद्भवणाऱ्या अडचणींचा व त्यांवरील उपायांचा विचार करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर अनेक जातींत 'पाट' किंवा 'मोहतूर' या नावाने विधवेचा पुनर्विवाह पूर्वापार मान्य होता. उच्चवर्णीयांत मात्र तो निषिद्ध मानला जाई. १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याने अशा विवाहास वैधता दिली, ही बाब सर्वपरिचित आहे. याच कायद्याची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या संपत्तीवरील हक्क संपुष्टात येत असे. तिसऱ्या कलमानुसार, पतीने मृत्युपत्राद्वारे कोणास पालक नेमले नसल्यास, त्याच्या आईवडिलांना, आजी-आजोबांना किंवा अन्य पुरुष नातलगांना मुलांसाठी वेगळा पालक नेमण्याकरिता न्यायालयात अर्ज करता येत असे. म्हणजेच स्त्रीला दुसरे लग्न करण्याची मुभा मिळाली, पण मूल पहिल्या घरचेच, ही धारणा कायम राहिली. हा कायदा १९८३ मध्ये निरसित झाला. ती धारणा मात्र समाजातून पूर्णतः गेलेली नाही. "मूल आमच्या वंशाचे आहे, ते इथेच राहील" हे वाक्य आजही ऐकू येते.

भारतीय कायद्यातील सावत्र नाते :

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ हा कायदा हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. त्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालकांची व्याख्या दिली असून, 'पिता' व 'माता' या शब्दांत सावत्र पिता व सावत्र माता यांचा समावेश होत नाही, असे स्पष्टीकरणात नमूद आहे. सावत्र पित्याने मुलाचे कितीही प्रेमाने संगोपन केले तरी तो केवळ विवाहामुळे त्याचा कायदेशीर पालक ठरत नाही. मुलाच्या वतीने सही करण्याचा अधिकार मातेकडेच राहतो.

मातेच्या अधिकाराबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय महत्त्वाचे आहेत. गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक (१९९९) या प्रकरणात, पित्याच्या 'नंतर' माता पालक असते या शब्दरचनेचा अर्थ पित्याच्या 'अनुपस्थितीत' असा लावण्यात आला. त्यामुळे पिता हयात असूनही मुलाच्या बाबतीत पूर्णतः उदासीन असेल, तर माता नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. दुसरा निर्णय अकेला ललिता विरुद्ध कोंडा हनुमंत राव या प्रकरणातील असून तो २८ जुलै २०२२ रोजी देण्यात आला. पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह केलेल्या मातेने मुलास दुसऱ्या पतीचे आडनाव दिले होते. कागदपत्रांत दुसऱ्या पतीचा उल्लेख 'सावत्र पिता' असा करावा, हा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. असा उल्लेख मुलाच्या मानसिक आरोग्यास व आत्मसन्मानास बाधक ठरतो, तसेच पित्याच्या मृत्यूनंतर माता हीच एकमेव नैसर्गिक पालक असल्याने आडनावाचा निर्णय घेण्याचा अधिकार तिचा आहे, असे न्यायालयाने प्रतिपादन केले.

पालकत्वाच्या सर्वच वादांत मुलाचे कल्याण हा सर्वोच्च निकष मानला जातो (कलम १३). ज्यांना हा अधिनियम लागू नाही, त्यांच्याकरिता त्यांचा व्यक्तिगत कायदा आणि पालक व पाल्य अधिनियम, १८९० यांचा आधार घ्यावा लागतो.

विविध देशांतील तरतुदी :

(अ) अमेरिका : अमेरिकेच्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्यात सावत्र अपत्याला 'अपत्य' म्हणून मान्यता आहे. अट अशी की, ज्या विवाहामुळे सावत्र नाते निर्माण झाले तो विवाह मुलाच्या वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला असावा. दत्तकविधान आवश्यक नाही. येथे दोन वयोमर्यादांचा गोंधळ होतो. १८ वर्षांची मर्यादा विवाहाच्या दिवसाशी निगडित आहे, तर 'अपत्य' या वर्गात राहण्यासाठी मूल अविवाहित व २१ वर्षांखालील असावे लागते. विवाहाच्या दिवशी मुलगी १७ वर्षे ११ महिन्यांची असेल तर ती सावत्र अपत्य ठरते; १८ वर्षे १ महिन्याची असेल तर सावत्र पित्याला तिच्यासाठी अर्ज करता येत नाही. मग आईने स्वतः स्थायी निवासी होऊन तिच्यासाठी अर्ज करणे एवढाच मार्ग उरतो आणि त्यास बराच काळ लागतो.

सर्वाधिक चूक होते ती पुढील बाबतीत. पती अमेरिकेचा नागरिक असेल, तर पत्नीच्या अर्जात मुलाचा आपोआप समावेश होत नाही. पत्नीसाठी एक व प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र असा आय-१३० अर्ज भरावा लागतो. याउलट पती नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल, तर पत्नीच्या अर्जातच मूल आश्रित म्हणून समाविष्ट होते. पती एच-१बी व्हिसावर असेल, तर पत्नीप्रमाणेच सावत्र मुलालाही एच-४ व्हिसा मिळू शकतो. म्हणून पतीचा परदेशातील नेमका दर्जा कोणता, हे विवाह ठरवतानाच विचारून घेणे इष्ट ठरते. नागरिकाने २१ वर्षांखालील मुलासाठी अर्ज केल्यास, २००२ च्या बालदर्जा संरक्षण कायद्यानुसार अर्ज दाखल झालेल्या दिवशीचे वय ग्राह्य धरले जाते.

यासोबत अर्जदारास आर्थिक पाठबळाचे हमीपत्र द्यावे लागते. सामान्यतः कुटुंबाचे उत्पन्न शासनाने ठरविलेल्या दारिद्र्य मर्यादेच्या १२५ टक्के असणे आवश्यक असून कुटुंबसंख्येत सावत्र मुलाचीही गणना होते. ही हमी पुढे घटस्फोट झाला तरी संपत नाही. मात्र सावत्र पिता नागरिक आहे एवढ्याने मुलाला नागरिकत्व मिळत नाही. आई नागरिक झाल्यावर, मूल स्थायी निवासी व १८ वर्षांखालील असून तिच्याजवळ राहत असल्यास, ते आईद्वारे नागरिक होते.

(आ) कॅनडा : येथे पत्नीच्या अर्जातच तिच्या आश्रित मुलांचा समावेश करता येतो. २४ ऑक्टोबर २०१७ पासून आश्रित अपत्याची मर्यादा २२ वर्षांखालील व अविवाहित अशी आहे. दुसऱ्या पालकाची संमती आयएमएम ५६०४ या नमुन्यात द्यावी लागते. कॅनडाच्या नियमांतील सर्वांत कठोर बाब म्हणजे, मूल सोबत जाणार नसले तरी अर्जात त्याची माहिती देणे व त्याची वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक आहे. जे मूल अर्जात दाखविले नाही, त्याला नंतर कौटुंबिक वर्गातून बोलावता येत नाही. ९ सप्टेंबर २०१९ पासून काही अटींवर यात प्रायोगिक सवलत देण्यात आली. परंतु तिच्यावर विसंबून माहिती दडविणे धोक्याचे आहे. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षांची प्रवेशबंदी होऊ शकते.

(इ) ब्रिटन : ब्रिटनच्या नियमांत विधवेचे मूल व घटस्फोटितेचे मूल यांत महत्त्वाचा भेद आहे. मुलाचा जन्मदाता पिता मृत असेल, तर सावत्र पित्याचा समावेश 'पालक' या संज्ञेत होतो. पिता हयात असेल, तर मुलाच्या संगोपनाची संपूर्ण जबाबदारी एकट्या आईवरच होती, हे सामान्यतः सिद्ध करावे लागते. शाळेतील प्रवेश, आजारपण व खर्च यांचे निर्णय कोण घेत होते, याचा पुरावा त्यासाठी उपयोगी पडतो. ११ एप्रिल २०२४ पासून नव्याने जोडीदाराला बोलावणाऱ्यासाठी वार्षिक २९,००० पौंड उत्पन्नाची अट असून, पूर्वीप्रमाणे प्रत्येक मुलासाठी वाढीव रकमेची अट राहिलेली नाही.

(ई) ऑस्ट्रेलिया व संयुक्त अरब अमिराती : ऑस्ट्रेलियाच्या जोडीदार व्हिसाच्या अर्जात आश्रित मूल समाविष्ट करता येते, १८ वर्षांखालील मुलासाठी दुसऱ्या पालकाची संमती किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. अमिरातीत सावत्र मुलासाठी अनामत रक्कम व जन्मदात्या पालकाचे ना-हरकत पत्र आवश्यक असून, निवास परवाना एका वर्षाचा व दरवर्षी नूतनीकरण करावयाचा असतो.

या सर्व देशांच्या तरतुदींत तीन समान सूत्रे आढळतात : माता व मूल यांचे नाते सिद्ध होणे, मातेचा दुसरा विवाह वैध असणे आणि दुसऱ्या पालकाच्या हक्काचा कायदेशीर निकाल लागलेला असणे. यांतील प्रत्येक सूत्र शेवटी गावातील कागदपत्रांपर्यंत येऊन पोहोचते.

कागदपत्रांविषयीचे प्रश्न :

१. सोडचिठ्ठीचा प्रश्न : ग्रामीण भागात पंचांसमक्ष मुद्रांकपत्रावर फारकत लिहून देण्याची प्रथा आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २९(२) ने रूढीनुसार होणाऱ्या घटस्फोटास संरक्षण दिले आहे, हे खरे. परंतु अशी रूढी त्या समाजात अस्तित्वात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिचा आधार घेणाऱ्यावर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला (२००२) या प्रकरणात स्पष्ट केले आहे. रूढी सिद्ध झाली नाही तर पहिला विवाह कायम राहतो. पहिला विवाह कायम असेल तर दुसरा विवाह शून्य ठरतो. आणि दुसरा विवाहच नसेल तर सावत्र नातेही उरत नाही. एका कागदाच्या उणिवेने आई व मूल या दोघांचेही अर्ज कोसळू शकतात. म्हणून पुनर्विवाहापूर्वी न्यायालयाचा हुकूमनामा घेणे हाच सुरक्षित मार्ग होय. हुकूमनामा विवादित असल्यास अपिलाची मुदत संपल्यावरच पुनर्विवाह करावा (कलम १५). २००३ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह अधिनियमाखालील ही मुदत ९० दिवसांची आहे. मुलाचे वय १८ च्या जवळ आले असेल, तर या ९० दिवसांचा हिशेब आधीच मांडावा लागतो.

२. ताब्याचा आदेश : परस्पर संमतीच्या घटस्फोटात "मुलगा आईजवळ राहील" एवढेच वाक्य अनेकदा लिहिले जाते. परदेशी नेण्यास पित्याची हरकत नाही, असा स्पष्ट उल्लेख त्याच वेळी संमतीपत्रात व आदेशात करून घेतल्यास नंतरचा वाद टळतो. वडील मृत असल्यास मृत्यू प्रमाणपत्र हा मूलभूत पुरावा ठरतो.

३. जन्मनोंद व शाळेची नोंद : हा सर्वाधिक आढळणारा व सर्वांत अजाणतेपणी होणारा घोटाळा आहे. मुलाला परकेपणा वाटू नये या सद्हेतूने शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये सावत्र पित्याचे नाव वडील म्हणून लिहिले जाते. आधार कार्डही तसेच निघते. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत मात्र जन्मदात्या पित्याचेच नाव असते. परदेशी अधिकाऱ्यासमोर एकाच मुलाचे दोन वडील उभे राहतात. वास्तविक सावत्र नाते सिद्ध करण्यासाठी जन्मदात्याचे नाव लपविण्याची गरजच नसते. मातेचे नाव असलेला मुलाचा जन्मदाखला, मातेच्या दुसऱ्या विवाहाचे प्रमाणपत्र आणि दोघाही जोडीदारांचे आधीचे विवाह संपल्याचा पुरावा यांवरच ते नाते उभे राहते. आडनाव बदलावयाचे असल्यास ते राजपत्राद्वारे रीतसर बदलावे व सर्व कागदपत्रांत एकसारखे ठेवावे.

४. विवाहनोंदणी : महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमान्वये विवाहनोंदणी होते व ग्रामीण भागात ग्रामसेवक हे काम पाहतात. नोंदणी उशिरा झाली तरी प्रमाणपत्रात प्रत्यक्ष विवाहविधीची तारीख अचूक असावी, कारण मुलाचे वय त्याच तारखेशी ताडून पाहिले जाते.

५. पारपत्र : वाशीम जिल्हा नागपूर येथील प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येतो. अज्ञान मुलाच्या पारपत्रासाठी सामान्यतः दोन्ही पालकांचे 'अनेक्झर डी' हे घोषणापत्र लागते. एका पालकाची संमती उपलब्ध नसल्यास अर्जदार पालकाने 'अनेक्झर सी' मध्ये कारण नमूद करावयाचे असते. डिसेंबर २०१६ मधील सुधारणांनुसार अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचेच नाव देणे पुरेसे असून, घटस्फोटित व्यक्तीने पूर्वीच्या जोडीदाराचे नाव देणे आवश्यक नाही. एकट्या मातेसाठी ही मोठीच सोय होय. तथापि पारपत्र मिळाले म्हणजे परदेशी नेण्याची संमती मिळाली, असा त्याचा अर्थ होत नाही.

दत्तकविधान आणि मालमत्ता :

"नवऱ्याने मुलाला दत्तक घेतल्याशिवाय व्हिसा मिळत नाही" असा सार्वत्रिक समज आहे. वर पाहिल्याप्रमाणे तो चुकीचा आहे. दत्तकविधानाने सावत्र पित्याशी पूर्ण कायदेशीर नाते जोडले जाते, हा त्याचा लाभ निर्विवाद होय. परंतु हिंदू दत्तक व पोषण अधिनियम, १९५६ च्या कलम १२ नुसार त्याच वेळी जन्मकुळाशी असलेले नाते तुटते. दत्तकापूर्वी मुलाकडे निहित झालेली मालमत्ता त्याचीच राहते. पण आजोबांकडून पुढे वारसाने मिळू शकणारा वाटा जातो. जन्मदाता पिता हयात असल्यास त्याची संमती सामान्यतः आवश्यक असते. तसेच या अधिनियमाखाली, वेगळी रूढी नसल्यास, मूल १५ वर्षांखालील असावे लागते.

दत्तक न घेता सावत्र अपत्य म्हणूनच मूल परदेशी गेले, तर जन्मदात्या पित्याच्या मालमत्तेतील त्याचा हक्क अबाधित राहतो. आईने पुनर्विवाह केला म्हणून मुलाचा वाटा जात नाही. मात्र हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार सावत्र मूल हे सावत्र पित्याचे वर्ग एकचे वारस नसते. त्यासाठी मृत्युपत्राची आवश्यकता असते.

धनजसारख्या गावात हा प्रश्न सातबाऱ्याशी निगडित असतो. वडिलांच्या निधनानंतर फेरफार होऊन मुलाचे नाव 'अ.पा.क. आई' म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई अशा नोंदीसह सातबाऱ्यावर येते. परदेशी जाताना खर्चासाठी ही जमीन विकण्याचा विचार होतो. परंतु अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय नैसर्गिक पालकालाही विकता येत नाही (पालकत्व अधिनियम, कलम ८). तशी विक्री मुलाच्या मागणीवरून रद्द होऊ शकते. सासरच्या मंडळींचा मुलाला पाठविण्यास असणारा विरोधही पुष्कळदा मायेइतकाच जमिनीच्या भीतीतून येतो. मुलाचा वाटा सुरक्षित राहील व जमीन कोण वाहील, हे आधी लेखी ठरले तर आजी-आजोबांचा विरोधही मावळू शकतो.

निष्कर्ष :

१. सावत्र अपत्यास कौटुंबिक स्थलांतर अर्जात मान्यता असून बहुतेक ठिकाणी दत्तकविधान अनिवार्य नाही.
२. मुलाचे वय, विवाहाची तारीख व परदेशस्थ पतीचा दर्जा या तीन बाबींवर अर्जाचा मार्ग ठरतो.
३. रूढीगत सोडचिठ्ठी व परस्परविसंगत नोंदी हे ग्रामीण कुटुंबांपुढील मुख्य अडथळे आहेत.
४. मुलाचे अस्तित्व लपविल्यास त्याचा परदेशी जाण्याचा मार्ग कायमचा बंद होऊ शकतो.
५. तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरांत व महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमांत या विषयाची माहिती देणे उपयुक्त ठरेल.

समारोप :

१८५६ च्या कायद्याने विधवेला दुसरे घर दिले, पण मूल पहिल्या उंबरठ्याच्या आत राहू दिले. आजचे भारतीय न्यायालय मातेच्या बाजूने उभे आहे व बहुतेक देशांचे नियमही मुलाला मातेपासून तोडू इच्छित नाहीत. अडचण उरते ती वेळ व कागद यांची. पुनर्विवाहाची बोलणी चालू असताना देण्याघेण्याची व मानपानाची चर्चा होते, त्याच बैठकीत मुलाचा जन्मदाखला, पहिल्या विवाहाचा हुकूमनामा अथवा मृत्यूचा दाखला आणि वराचा परदेशातील दर्जा यांचीही चर्चा झाली पाहिजे. मूल आईसोबत जाईल की नाही, याचा निर्णय दूतावासाच्या खिडकीवर होत असल्याचे दिसते. प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी याच बैठकीत झालेला असतो.